कमी पैशात स्लॅशर: मारेकरी कुठे आहे, ते आधी ठरवा

स्लॅशर म्हणजे एक मारेकरी एकेकाला ठार करत जातो असा भयपट. तो बघणारा प्रेक्षक पहिल्या रीळापासून एकच गोष्ट शोधत असतो: मारेकरी आत्ता कुठे आहे? दाराआड आहे, खिडकीबाहेर आहे, की माडीवर आहे? हा प्रश्न त्याच्या मनात जागता राहिला तर साधा सुरा आणि दोन वाट्या रक्त पुरतं. प्रश्न विझला तर पिंपभर रक्त ओतूनही काही होत नाही. रक्त कमी पडलं म्हणून फसलेला स्लॅशर शोधून सापडणार नाही. अंधारात काहीच दिसत नाही, संवाद ऐकू येत नाहीत, जिना कुठे आणि मागचं दार कुठे याचा पत्ता लागत नाही, म्हणून फसलेले मात्र ढिगाने आहेत.

जॉन कारपेंटरचा १९७८ चा 'हॅलोवीन' या बाबतीत अजूनही सगळ्यात चांगला धडा आहे. तो सुमारे ३ लाख डॉलरमध्ये झाला. गोष्ट इलिनॉयमधल्या ऑक्टोबर महिन्याची, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत. म्हणून कागदाची रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. मारेकऱ्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधला कॅप्टन कर्क, म्हणजे नट विल्यम शॅटनरचा चेहरा, दुकानात दोन डॉलरच्या आत मिळालेला. त्याला पांढरा रंग दिला, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले. इतक्या काटकसरीतही पॅनाव्हिजनच्या रुंद चौकटीच्या लेन्स मात्र सोडल्या नाहीत. रक्त जवळजवळ नाहीच. सुरुवातीच्या खुनानंतर पडद्यावर दिसणारा पुढचा खून येईपर्यंत अर्ध्याहून अधिक चित्रपट संपलेला असतो. मधला सगळा वेळ मारेकरी रुंद चौकटीच्या कडेला, कुंपणाआड, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभा असतो. रुंद चौकट घेतली ती याचसाठी: माणूस एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला रिकामी जागा, जिच्यावरून नजर हटत नाही.

आधी घर, मग पटकथा

पटकथा लिहून मग तिला साजेसं घर शोधायला निघालात तर अर्धं बजेट भाड्यात जाईल. उलट करा. सलग पंधरा-सोळा रात्री मिळू शकेल असं घर आधी पक्कं करा आणि गोष्ट त्या घरात लिहा. कोकणातलं ओटी-पडवी-माजघर-परसदार असं सरळ रेषेत जाणारं घर या प्रकाराला फार चांगलं, कारण पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत नजर जाते आणि त्या वाटेवर तीन उंबरठे लागतात. घर निवडताना चार गोष्टी तपासा: बाहेर पडायला किमान दोन दारं, वर माळा किंवा माडी, चाळीस-पन्नास फुटांची एक तरी सरळ नजररेषा, आणि रात्री जवळपास महामार्ग, गिरणी किंवा देवळाचा भोंगा नाही याची खात्री. शेवटची गोष्ट दिवसा कळत नाही. रात्री अकरा वाजता आणि पहाटे तीन वाजता तिथे जाऊन दहा-दहा मिनिटं आवाज रेकॉर्ड करून आणा.

मग आलेख कागदावर घराचा नकाशा काढा. प्रत्येक प्रसंगासाठी त्याची एक प्रत घ्या. त्या प्रसंगात कोण कुठे आहे ते निळ्या पेनाने आणि मारेकरी कुठे आहे ते लाल पेनाने मांडा, मग तो पडद्यावर दिसो वा न दिसो. एखाद्या प्रसंगात लाल ठिपका कुठे ठेवायचा हे लेखकालाच ठाऊक नसेल, तर तो प्रसंग अजून लिहून झालेला नाही. विहिरीपाशी दिसलेला माणूस पुढच्या मिनिटाला माळ्यावर कसा पोचला, याचा रस्ता कागदावर दिसला पाहिजे. हा रस्ता प्रेक्षकाला सांगायची गरज नाही, पण तो नसला तर त्याला ते जाणवतंच.

पात्रं सहा किंवा सात, पटकथा ८०-८५ पानांची, आणि सविस्तर दाखवायचे खून फक्त दोन. बाकीचे दाराआड, सावलीत किंवा नंतर सापडलेल्या देहातून. चांगला खून उभा करायला अख्खी रात्र जाते: मेकअप दोन तास, नळ्या बसवणं, दोन किंवा तीन टेक, प्रत्येक टेकनंतर पुसापुशी. असे सहा प्रसंग लिहिले तर सहा रात्री त्यातच जातील आणि माणसांच्या प्रसंगांची घाई होईल. ही माणसं आवडली नाहीत तर त्यांच्या मरणाने कुणाच्या पोटात गोळा येणार नाही. एकांकिका स्पर्धांमधून आलेली तरुण मुलं या कामाला उत्तम असतात, कारण तालमीची सवय असते. फक्त त्यांचा आवाज आणि हात प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी घडलेले असतात. तालीम एका छोट्या खोलीत, समोर तीन फुटांवर मोबाइलचा कॅमेरा ठेवून घ्या. आठवडाभरात फरक दिसतो.

मोबाइलचा प्रश्न पहिल्या वीस मिनिटांत मिटवून टाका. घाट उतरल्यावर रेंज जाते हे इथे सगळ्यांना माहीत आहे. एका पात्राने फोन हातात धरून अंगणात दोन फेऱ्या मारल्या की पुरे.

चित्रीकरण नोव्हेंबर ते जानेवारी या काळात ठेवा. मे महिन्यात महाराष्ट्रात खरा काळोख जेमतेम नऊ-साडेनऊ तास मिळतो, डिसेंबरात अकराच्या आसपास. जेवण, मांडामांड आणि दिव्यांची हलवाहलव वजा जाता हा दीड-दोन तासांचा फरक म्हणजे रोजचे तीन-चार शॉट. पावसाळ्यात बेडूक आणि पागोळ्या संवाद खाऊन टाकतात.

मारेकरी

मुखवट्याची परीक्षा जवळून करू नका. पन्नास फुटांवर, पाठीमागून उजेड, चेहरा काळोखात, अशा स्थितीत नुसत्या आकृतीवरून तो ओळखू येतो का ते बघा. डोक्याचा आकार, खांद्यांची रेषा आणि हातातलं हत्यार या तीन गोष्टींवर ओळख ठरते. घोंगडीची खोळ, इरलं, कंदिलवाला राखणदार असे आकार आपल्या नजरेच्या ओळखीचे आहेत, म्हणून दुरूनही वाचता येतात. बाजारातला रबरी भुताचा चेहरा दुरून नुसता गोळा दिसतो.

चेहऱ्यावर भाव जितके कमी, तितकं बरं. कोऱ्या चेहऱ्यावर प्रेक्षक स्वतःची भीती लावतो. डोळ्यांच्या भोकांतून कलाकाराची गोरी-सावळी त्वचा दिसली की सगळा परिणाम जातो, म्हणून डोळ्यांभोवती काळा मेकअप लावा. मुखवट्याच्या आत कपाळाला घाम टिपणारी कापडी पट्टी शिवा आणि दर दोन टेकनंतर मुखवटा काढायला लावा. लेटेक्सच्या मुखवट्यात श्वास कोंडतो, बाजूचं काही दिसत नाही. त्यामुळे जिना, विहीर किंवा निसरडी फरशी असलेल्या शॉटमध्ये कलाकाराजवळ, चौकटीच्या बाहेर, हात धरायला एक माणूस हवाच.

चालण्याचा वेग एकदा ठरला की बदलू नका. धावणारा मारेकरी दमतो, अडखळतो, माणूस वाटतो. संथ आणि न थांबणारा वाटतो तो वेगळाच. संपूर्ण चित्रपटात मुखवट्याआड शक्यतो एकच माणूस ठेवा. बदली कलाकार आला की खांदे आणि पाऊल बदलतं, आणि प्रेक्षकाला कारण न कळताही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

रात्र दिसली पाहिजे

कॅमेऱ्याला अंधार टिपता येत नाही. उजेडाच्या शेजारी सोडलेली काळी जागा टिपता येते. कमी खर्चाच्या स्लॅशरमध्ये सर्वात जास्त नुकसान इथे होतं: दिवे कमी म्हणून सगळंच करडं-धूसर घेतलं जातं, मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) चढवला जातो, आणि पडद्यावर दाणेदार चिखल येतो. ऑनलाइन चढवताना फाइल आणखी दाबली जाते आणि त्या चिखलाचे चौकोनी ठोकळे होतात.

पद्धत अशी. एक मोठा दिवा, निदान ३०० वॅटचा एलईडी, कॅमेऱ्याच्या समोरच्या दिशेला, माणसांच्या मागे, जमेल तितक्या उंचीवर: गच्चीवर, माडीच्या खिडकीत किंवा बारा-पंधरा फुटी स्टँडवर वाळूच्या पिशव्या लावून. हा चंद्र. तो झाडाच्या फांद्यांमधून येऊ द्या, म्हणजे जमिनीवर तुकडे पडतात आणि दिवा एकच आहे हे लपतं. चेहऱ्यासाठी दुसरा लहान दिवा, थर्माकोलवरून उसळवलेला किंवा ट्रेसिंग पेपरमधून गाळलेला, नेहमीच्या मापापेक्षा दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तिसरा उजेड चौकटीतलाच असावा: ओटीवरचा बल्ब, देवघरातली समई, खिडकीतली पिवळट चौकट. प्रत्येक चौकटीत एक तरी खरोखर उजळ ठिपका हवा. त्याच्या तुलनेत बाकीचं काळं हे काळं वाटतं. तो नसला तर काळं नुसतं कमी उजेडाचं दिसतं.

कॅमेऱ्याचा पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) ४०००-४३०० केल्विनवर ठेवा. ५६०० केल्विनचा चंद्र मग हलका निळसर येतो आणि २७०० चा घरगुती बल्ब ऊबदार नारिंगी. दिव्यावर गडद निळा जेल कागद लावून केलेली रात्र लग्नाच्या मांडवासारखी दिसते, तो मोह टाळा.

आयएसओ वाटेल त्या आकड्यावर ठेवू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांना दोन मूळ पातळ्या असतात: ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के ला ४०० आणि ३२००, सोनी एफएक्स३ ला एस-लॉग ३ या रेकॉर्डिंग पद्धतीत ८०० आणि १२,८००. या पातळ्यांवर दाणा सर्वात कमी; मधल्या आकड्यावर तो उलट वाढू शकतो. चित्र हवं त्यापेक्षा एक स्टॉप उजळ घ्या आणि रंगसंस्कार करताना खाली आणा. रात्री काळोखात मॉनिटर असतो त्यापेक्षा उजळ भासतो, म्हणून डोळ्यावर विसंबू नका, वेव्हफॉर्म (० ते १०० मध्ये उजेड दाखवणारा मॉनिटरवरचा आलेख) बघा: चेहऱ्याची उजेडाची बाजू ३५-४० च्या आसपास, अंधारी बाजू १० च्या खाली जाऊ न देता.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. २४ फ्रेमला १८० अंशाचं शटर म्हणजे सेकंदाचा ४८ वा भाग, आणि त्यात स्वस्त ट्यूब आणि एलईडी बल्ब हळूहळू धडधडतात किंवा आडवे पट्टे सरकतात. शटर १७२.८ अंशावर किंवा १/५० वर आणा, पट्टे जातात. जनरेटरवर चालवताना त्याची वारंवारता हलली तर पट्टे पुन्हा येतात; दर तासाला मॉनिटरवर रिकाम्या भिंतीचा शॉट लावून खात्री करा. डिमर लावलेले स्वस्त एलईडी तर मुळातच चालू-बंद होऊन मंद होतात. त्यांना डिमर लावू नका, कमी वॅटचा बल्ब घाला किंवा बटर पेपरने उजेड कापा.

अंगणात पाणी मारल्यासारखा स्वस्त आणि उपयोगी उपाय दुसरा नाही. ओली फरशी आणि ओला चिरा मागचा उजेड परत कॅमेऱ्याकडे पाठवतात, आणि काळी जमीन आकार धरते. मातीचं अंगण अर्ध्या तासात पाणी पिऊन टाकतं, त्यामुळे शॉटगणिक पुन्हा मारावं लागतं. पाणी आणि वायरी एकत्र आल्यावर मात्र हयगय नको: सगळे जोड विटांवर उचललेले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, आणि मुख्य लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच.

घर लांबून दाखवणारे शॉट रात्री उजळायला मोठे दिवे लागतात. ते तिन्हीसांजेला घ्या. सूर्य बुडाल्यावर आकाश निळं आणि खिडक्या पिवळ्या अशी वेळ आपल्या अक्षांशाला वीसेक मिनिटंच टिकते. चार वाजता तालीम, साडेपाचला कॅमेरा जागेवर, आणि दिवसाला दोनच शॉट. उलट आतले रात्रीचे प्रसंग भर दिवसा घेता येतात: खिडकीबाहेर चार-पाच फूट जागा सोडून काळ्या कापडाचा तंबू उभा करा आणि त्या जागेत चंद्राचा दिवा लावा. कापड थेट खिडकीला चिकटवलं तर बाहेर काळा फळाच दिसतो.

रक्त

मूळ कृती साधी. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज १ किलो, कोमट पाणी १५०-२०० मिली, लाल खाद्यरंग पुडीतला असेल तर दीड चमचा, पिवळा पाव चमचा, कोको पावडर दोन चमचे. रंग आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, नाहीतर कण राहतात आणि कातडीवर ठिपके उठतात. पिवळा घातला नाही तर पातळ ओघळ गुलाबी दिसतो. कोकोमुळे रंग गडद होतो आणि रक्त आरपार दिसत नाही. बाहेर वापरायच्या रक्तात भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब टाका, म्हणजे ते कातडीवर मण्यांसारखं न थांबता पसरतं आणि धुवायलाही सोपं जातं. तोंडात घ्यायचं रक्त वेगळ्या बाटलीत, साबणाविना, त्याच दिवशी केलेलं. बाटलीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. कुंकू किंवा रांगोळीचा रंग यात कधीही नको.

साखरेच्या रक्ताचे दोन शत्रू: मुंग्या आणि चिकटपणा. गावातल्या घरात पहाटेपर्यंत मुंग्यांची रांग कलाकारापर्यंत येते. जमिनीवर सांडायचं रक्त म्हणून वेगळं करा: १ लिटर पाण्यात ८-१० ग्रॅम सीएमसी पावडर. हीसुद्धा केक सजवणाऱ्यांच्या दुकानात मिळते. पावडर आधी कोरड्या रंगात मिसळून मग पाण्यात शिंपडत घोटा, नाहीतर गुठळ्या होतात. रात्रभर ठेवलं की एकसारखं दाट होतं. गोड नाही, चिकट नाही, आणि स्वस्तात बादलीभर.

सगळ्यात जास्त वेळा विसरली जाणारी गोष्ट म्हणजे हे रक्त कोणत्या उजेडात दिसणार. निळसर चांदण्यात लाल रंग काळा पडतो. तिथे उजळ, किंचित नारिंगीकडे झुकणारं रक्त लागतं. पिवळ्या बल्बखाली तेच रक्त टोमॅटो सॉससारखं दिसतं. तिथे कोको वाढवा. दोन वेगळ्या बाटल्या करा आणि चित्रीकरणाच्या आधी त्याच कॅमेऱ्याने, त्याच दिव्यांत, त्याच कपड्यावर तपासा. हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'त चॉकलेटचा पाक चालला कारण चित्रपट कृष्णधवल होता.

चुन्याच्या भिंतीवर खाद्यरंग कायमचा बसतो. भिंतीला लागूनच, त्याच रंगाने रंगवलेली आठ बाय चार फुटी प्लाय उभी करा आणि रक्त तिच्यावर उडवा. शिंतोडे जुन्या दात घासायच्या ब्रशने, धार सिरिंजने. वाळलेलं रक्त ताज्यापेक्षा तपकिरी हवं. त्यात कॉफी पावडर घाला. प्रत्येक रक्ताळणाऱ्या पोशाखाचे तीन जोड शिवा आणि प्रत्येक टेकनंतर समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. ओघळ डाव्या कानाखालून उजवीकडे गेलेला संकलनात लपत नाही.

जखमेतून वाहतं रक्त सलाइनच्या नळीने आणि ५०-६० मिलीच्या सिरिंजने होतं. नळी कपड्याखालून, कॅमेऱ्याच्या उलट बाजूने आणा, टोक चपटं करून वैद्यकीय चिकटपट्टीने बसवा. शॉटच्या आधी रक्त टोकापर्यंत भरून ठेवा. नळीत हवा राहिली तर आधी फुस्स असा आवाज आणि बुडबुडे येतात. १९८० च्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये पलंगाखालून गळ्यात बाण घुसतो, तो मेकअप-कलाकार टॉम सॅव्हिनीचा प्रयोग बघून शिकण्यासारखा आहे. नट पलंगाखाली गुडघ्यांवर, डोकं भोकातून वर, आणि गळा व छाती खोटी, गादीवर मांडलेली. ऐन वेळी पंपाची नळी निसटली तेव्हा सहायकाने तोंडाने फुंकून रक्त उडवलं, आणि तोच टेक चित्रपटात आहे. गादीला भोक पाडून खोटा गळा बसवायची ही युक्ती आजही फार कमी खर्चात होते.

खोट्या अवयवांबाबत दोन इशारे. प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन गंधकाच्या संपर्कात आलं की घट्ट होतच नाही, चिकट राहतं. लेटेक्सचे हातमोजे आणि काही शिल्पमाती यांत गंधक असतं, म्हणून हातमोजे नायट्राइलचे वापरा. जिलेटिनची जखम स्वस्त आणि सुंदर, पण घामाने आणि दिव्याच्या उष्णतेने वितळते. ती थंडीच्या रात्रींसाठीच. लिक्विड लेटेक्स लावायच्या आदल्या दिवशी कलाकाराच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून २४ तास बघा, आणि भुवया व अंगावरचे केस आधी व्हॅसलीनने झाका.

हत्यारं

प्रत्येक हत्याराच्या तीन प्रती. खरं पोलादी, फक्त चकाकीच्या क्लोजअपसाठी, आसपास दुसरा माणूस नसताना. बोथट ॲल्युमिनियमचं, हातात धरून चालण्यासाठी. आणि वाराच्या शॉटसाठी फोमचं, ज्यावर रुपेरी रंग आणि वर ग्राफाइटची पूड चोळलेली. कोयता यासाठी फार चांगला, कारण वळणदार पातं फोममध्येही लगेच ओळखू येतं. खऱ्या हत्याराची जबाबदारी एकाच माणसाकडे, कुलपात, आणि शॉटआधी कोणती प्रत हातात आहे हे त्याने मोठ्याने सांगायचं. पातं आत सरकणारा सुरा आणून त्याच्या भरवशावर अंगावर वार करू नका, स्प्रिंग अडकते.

वार अंगाला लागायची गरजच नसते. कॅमेरा बाजूला, ८५ मिमी किंवा त्याहून लांब लेन्स, दोघांमध्ये दीड फूट अंतर, आणि पात्याची वाट देह आणि कॅमेऱ्याच्या मधून. लांब लेन्स अंतर मिटवते. टोक रुतलेलं दाखवायचं असेल तर उलटं घ्या: बोथट टोक कपड्याला टेकवून सुरू करा, झटक्यात मागे ओढा, आणि संकलनात शॉट उलटा फिरवा. मात्र केस किंवा रक्त हलताना उलटं लगेच कळतं, म्हणून दहा-बारा फ्रेमपेक्षा जास्त ठेवू नका.

आवाज

चित्र थोडं कच्चं असलं तर प्रेक्षक शैली समजून घेतो. आवाज कच्चा असला तर उठून जातो. कॅमेऱ्याला भाड्यावर जितके पैसे ठेवले, त्यातले थोडे काढून आवाजाच्या माणसाला द्या. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बूम (दांडीवरचा) माइक चौकटीच्या कडेला जमेल तितका जवळ, दीड ते दोन फुटांवर. जनरेटर दीड-दोनशे फुटांवर, मध्ये भिंत किंवा गवताची उडवी. घरातला फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना पुन्हा चालू करायची आठवण राहते. प्रत्येक खोलीचा शांत आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा. दोन टेक जोडताना मधली फट त्यानेच बुजते.

किंकाळी चित्रीकरणात हमखास फुटते, आणि फुटलेला आवाज दुरुस्त होत नाही. तालमीत पातळी लावून मग ती १२-१५ डेसिबल खाली आणा, आणि त्याच रात्री, त्याच कलाकाराकडून, तीन-चार फुटांवर माइक ठेवून तीन किंकाळ्या वेगळ्या घ्या. त्याहून जास्त मागू नका, घसा बसला की उद्याचे संवाद गेले. मारेकऱ्याचा श्वास मुखवट्यातल्या माइकवर कधीच नीट येत नाही. तोच मुखवटा घालून गोधड्यांनी भरलेल्या खोलीत नंतर घ्या.

वाराचा आवाज स्वयंपाकघरात मिळतो. 'सायको'च्या न्हाणीघरातल्या वारांसाठी खरबुजाच्या जातीचं फळ भोसकलं होतं. आपल्याकडे कलिंगड पोकळ आणि खोल आवाज देतं, घट्ट कोबी कोरडा, ओल्या फडक्यात गुंडाळून मोडलेला मुळा हाडाचा. एका वाराला तीन थर लावा: हवेतली सळसळ, लागल्याचा धप्प आवाज, आणि मग ओला थर दोन फ्रेम उशिरा. पातं हवेत नुसतं फिरताना 'शिंग' असं वाजत नाही. तो आवाज टाळला की हत्यार खरं वाटायला लागतं.

संगीताचा एक नियम 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनीकडून उचलावा: मारेकरी खरंच जवळ असेल तेव्हाच त्याची धून. मांजर उडी मारते, मित्र मागून खांद्यावर हात ठेवतो, तिथे धून नाही. प्रेक्षक नकळत हा नियम शिकतो, आणि मग नुसत्या धुनेने त्याला कळतं की तो इथेच आहे, पात्राला मात्र कळत नाही. आपल्याकडे आणखी एक हत्यार फुकट आहे: रातकिडे. पंधरा-वीस मिनिटं ते सतत मागे वाजू द्या, आणि मारेकरी आवारात आला की एकदम थांबवा. दोन-तीन सेकंदांची ती शांतता कुठल्याही दणक्याहून परिणामकारक असते. दणका द्यायचाच असेल तर त्याआधी शांतता हवी, आणि अख्ख्या चित्रपटात चार-पाच वेळाच. संवादांची टोकं -१२ डेसिबलच्या आसपास, दणका -३ च्या वर नाही. मिश्रण झाल्यावर ते टीव्हीवर आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. खोल गुरगुर मोबाइलवर पूर्ण नाहीशी होते, तेव्हा तिच्या जोडीला मधल्या पट्टीतला आवाज ठेवा.

संकलन

'सायको'तला न्हाणीघराचा प्रसंग सुमारे तीन मिनिटांचा. त्यासाठी ७८ वेगवेगळ्या जागांवरून कॅमेरा लावला आणि त्यात ५२ काटे (कट) आहेत. पातं कातडीत शिरताना जवळजवळ दिसतच नाही. हात, तोंड, पाणी, पडदा, आवाज यांतून मन ते जुळवतं. रबरी अवयव आणि फोमचा कोयता तुमच्याकडे आहेत, तेव्हा ही पद्धत तुमच्या फायद्याची. खोटी वस्तू अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त पडद्यावर नको.

पण खुनाच्या आधीचा भाग याच्या उलट कापा. लांब शॉट, स्थिर चौकट, पात्र एका कडेला काम करतंय, आणि मागच्या दारात आकृती येऊन उभी राहते: अस्पष्ट, धून सोडून दुसरा कसलाही आवाज नाही. काही प्रेक्षकांना ती दिसेल, काहींना शेजारच्याचा श्वास अडकल्यावर. त्या शॉटवर काटा मारायचा मोह होतो. मारू नका, आणखी पाच सेकंद धरा. मारेकऱ्याच्या नजरेतून घेतलेले हलते शॉट वापरायचे असतील तर त्या वेळी तो नकाशावर तिथेच असला पाहिजे. नुसतं घाबरवायला नजर वापरली आणि तिथे कुणीच नव्हतं, तर पुढच्या वेळी कुणी घाबरणार नाही.

पहिला कच्चा जोड ९५-१०० मिनिटांचा होतो. तो ८०-८५ वर आणा. बहुतेक वेळा कापायचं असतं ते पहिल्या अर्ध्या तासातलं प्रवासाचं आणि हसण्या-खिदळण्याचं. मग चित्रपटाशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवा. 'आवडला का' असं विचारू नका. कोरा कागद द्या, घराचा नकाशा काढायला सांगा, आणि तीन ठरावीक प्रसंगांत मारेकरी कुठे होता ते मांडायला सांगा. जिथे सगळ्यांचे ठिपके वेगवेगळे पडतात, तिथे एक दार, एक जिना किंवा एक लांब शॉट कमी आहे. एका रात्रीचं जादा चित्रीकरण त्यासाठीच राखून ठेवलेलं असावं. बजेटचा दहावा हिस्सा पहिल्या दिवसापासून बाजूला.

सेन्सॉर प्रमाणपत्राचा विचार संकलनाच्या टेबलावरच करा. २०२४ च्या नियमांनुसार यूए मध्ये ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन गट आले आहेत, आणि उघड रक्तपाताचा स्लॅशर बहुधा 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मध्येच जातो. 'ए' चा चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही. वाहिनीला विकायचा बेत असेल तर दोन्ही मोठ्या खुनांचे सौम्य पर्यायी शॉट चित्रीकरणाच्या रात्रीच घेऊन ठेवा: तोच कोन, तोच उजेड, फक्त रक्ताआधीचा टेक. चित्रपटात कुत्रा, मांजर, कोंबडी असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी चित्रीकरणाआधी काढावी लागते, नंतर ती मिळवताना प्रदर्शन अडकतं. आणि सगळी ध्वनिपट्टी, संवाद, परिणाम आणि संगीत अशी वेगवेगळी साठवा. दुसऱ्या भाषेत डब करायची वेळ आली तर संवादांची पट्टी तेवढी बदलावी लागते.